बोराबूतल्या घराचं पाणी: बोअर मचूळ, पंप सारखा चालू-बंद, कोरड्या महिन्यांसाठी साठा किती?

बोराबूकर

नमस्कार मंडळी. ईशान्य थायलंडमध्ये, म्हणजे इसानमध्ये, महासारखाम प्रांतात बोराबूजवळच्या गावात, बायकोच्या माहेरच्या जागेवर घर आहे. आता वर्षभर मुक्काम इथेच, माणसं दोन. व्हिसा, बँकेतले ८ लाख बात, ९० दिवसांची नोंद हे सगळं मार्गी लागलेलं आहे. अडलंय ते पाण्यावर.

गावचा नळ सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दीड तास येतो. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाआड, तोही गढूळ. त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅम प्रति लिटर) ३२०. आवारातली बोअर ३२ मीटरची, टीडीएस १,८५०. पाणी उपसताना नितळ असतं, बादलीत तासभर ठेवलं की तांबूस होतं. दोन्ही पाणी १,००० लिटरच्या स्टेनलेस टाकीत येतं आणि तिथून २०० वॅटचा ऑटोमॅटिक पंप घरात देतो. घरात एकही नळ उघडा नसला तरी हा पंप मिनिटा-दोन मिनिटांनी सुरू होतो आणि लगेच बंद पडतो. रात्रभर तेच.

छप्पर पत्र्याचं आहे, साधारण ११० चौरस मीटर, दोन्ही बाजूंना पन्हळ आहे. पिण्यासाठी सध्या २० लिटरचे कॅन आणतो, पण वय ६४, मधुमेह, पायांना मुंग्या. कॅन उचलणं आता नको वाटतं. परसातल्या भाजीला बोअरचंच पाणी देतो. वांगी तग धरून आहेत, घेवडा पानांच्या कडांपासून जळाला.

विचारायचं ते असं: बोअरवर आरओ (पडद्यातून गाळून क्षार काढणारं यंत्र) बसवून भागेल का? पावसाचं पाणी पिता येईल का, आणि किती साठवावं? आणि या पंपाचं काय करू?

---

नळदुरुस्ती

काका, पंप आधी पाहू, कारण तो असाच चालू राहिला तर महिन्याभरात प्रेशर स्विचचे पॉइंट जळतील.

पंपाच्या बाहेर, घराकडे जाणाऱ्या पाइपवर कॉक आहे का बघा. नसला तर बसवून घ्या, कामाची वस्तू आहे. पंप प्रेशर भरून थांबला की तो कॉक पूर्ण बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. कॉक बंद असूनही पंप सुरू झाला तर दोष पंपाकडे: आतला चेक व्हॉल्व्ह नीट बसत नाही, बहुतेक वेळा वाळूचा कण किंवा गंजाची खपली अडकलेली असते. झाकण उघडून रबर पुसलं की काम होतं, रबर कडक झालं असेल तर बदला. कॉक बंद केल्यावर पंप गप्प बसला तर गळती घरात आहे. जमिनीखालचा पाइप फुटलाय असं सगळ्यांना आधी वाटतं, पण दहातल्या आठ वेळा फ्लशच्या टाकीतलं रबर किंवा संडासातला हातफवारा गळत असतो. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर रबर गेलं.

गळती कुठेच नाही, पण नळ उघडल्यावर पंप धडधड चालू-बंद होतो, असं असेल तर प्रेशर टाकीतली हवा संपलेली असते. गोल टाकीच्या पंपात उपाय सोपा: वीज बंद करा, खालचा ड्रेन स्क्रू काढा, टाकी पूर्ण रिकामी होऊ द्या, हवा आत गेली की स्क्रू लावून पुन्हा भरा. चौकोनी पंपात छोटा गॅसचा डबा असतो, तो भरता येत नाही, बदलावा लागतो.

स्विचचं झाकण उघडून आतही पाहा. इथे पाली आणि बारक्या मुंग्या उबेसाठी त्यात शिरतात, पॉइंटमध्ये चिरडतात आणि स्विच अर्धवट चिकटतो. वायर जिथून आत जाते ते भोक सिलिकॉनने बुजवा.

सुटे भाग घ्यायला जाल तेव्हा लक्षात ठेवा, निळा पीव्हीसी इथे 'हुन'वर मागतात. ८ हुन म्हणजे १ इंच, म्हणून ४ हुन म्हणजे अर्धा इंच आणि ६ हुन म्हणजे पाऊण. पाइपावर ८.५ आणि १३.५ असे आकडे छापलेले असतात, तो दाबाचा वर्ग. पंपाच्या पुढच्या लायनीला १३.५ च घ्या. ८.५ चा पाइप उन्हात राहिला की दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतो.

आणि काहीही झालं तरी पंप थेट गावच्या नळाला जोडू नका. नियमात बसत नाही हे एक. दुसरं म्हणजे नळाला पाणी नसताना पंप ओढायला लागला की वाटेतल्या फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी लायनीत येतं, तुमच्याही आणि शेजाऱ्यांच्याही.

---

खारवट माती

बोराबू म्हणजे मिठाच्याच थरावर वसलेला भाग. कोरात पठाराखाली मीठखडकाचे जाड थर आहेत, त्या रचनेला भूशास्त्रात महासारखामचंच नाव आहे. तुमच्याच भागात पूर्वी खारं पाणी उपसून मीठ काढत, आणि त्या सांडपाण्याने लाम सिआओ ओढा खारावला होता. फेब्रुवारीत खाचरांवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं ना, ते मीठच आहे.

त्यामुळे बोअर आणखी खोल नेऊ नका. वरच्या थरात पावसाचं गोडं पाणी तरंगत असतं आणि खाली खारं. जोरात उपसलं की खारं पाणी वर ओढलं जातं. एक तपासून पाहा: बोअर रात्रभर बंद ठेवा, सकाळी पहिल्या पाच मिनिटांच्या पाण्याचा टीडीएस घ्या आणि तासभर पंप चालवून पुन्हा घ्या. आकडा चढत असेल तर लहान पंपाने थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा उपसा. नवी बोअर घेणार असाल तर आधी ओबोतोत, म्हणजे तांबोन (काही गावांचा मिळून गट) कार्यालयात जा. १५ मीटरच्या खाली गेलं की भूजलाचा परवाना लागतो.

आरओ १,८५० वर चालतो, पण बोअरवर बसवू नका. घरगुती यंत्र १० लिटर गोडं पाणी द्यायला ३० ते ४० लिटर पाणी टाकून देतं, आणि ते टाकलेलं पाणी मूळ बोअरपेक्षाही खारं. परसात सोडलं की जमीन चोपण व्हायला वेळ लागत नाही. शिवाय तांबूस होणारं पाणी म्हणजे लोह. लोह आणि कठीणपणा दोन्ही मेंब्रेनवर, म्हणजे आरओच्या गाळणाऱ्या पडद्यावर बसतात, वर्षभर टिकणारं मेंब्रेन दोन-तीन महिन्यांत जातं. सॉफ्टनर विकणारे येतील, त्यांना नको म्हणा. तो चुना काढून त्या जागी सोडियम घालतो, खारेपणा तसाच राहतो. उकळल्यानेही मीठ जात नाही, उलट घट्ट होतं.

तुमचं नळाचं पाणी ३२० आहे, आरओ त्यावर लावा, स्वयंपाकघरातल्या एकाच तोटीला. बोअर घराच्या नळजोडणीतून पूर्ण काढून टाका. तिची वेगळी लाइन करून फ्लश आणि अंगण एवढ्यालाच ठेवा. आज दोन्ही पाणी एका टाकीत मिसळताय म्हणजे चांगलं पाणी वाया घालवताय. स्टेनलेस टाकीलाही खारं पाणी मानवत नाही, वेल्डिंगच्या रेषेवर बारीक भोकं पडतात. ती टाकी नळाच्या पाण्याला ठेवा आणि शेजारी २,००० लिटरची अपारदर्शक प्लॅस्टिकची टाकी घ्या, सावलीत, काँक्रीटच्या सपाट ओट्यावर. ओटा एका बाजूला दोन सेंटिमीटर जरी खचला तरी तळाच्या जोडावर ताण येऊन तो गळतो. नळाच्या तोंडाला फ्लोट व्हॉल्व्ह लावा म्हणजे पहाटे पाणी येईल तेव्हा आपोआप भरेल. दोघांना दिवसाला २०० ते २५० लिटर लागतात, म्हणजे ३,००० लिटरमध्ये बारा-चौदा दिवस निघतात. दिवसाआडच्या पाण्याला ते पुरेसं आहे.

भाजीचं म्हणाल तर घेवडा मिठाला सगळ्यात नाजूक, तो या पाण्यावर येणारच नाही. त्याला भांडी विसळलेलं नळाचं पाणी द्या.

पावसाचं पाणी पिण्यासाठी उत्तम, आणि इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच पितात. त्यासाठीचे २,००० लिटरचे सिमेंटचे रांजण प्रत्येक गावात दिसतील. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. तुमच्या ११० चौरस मीटरवर ३० मिलिमीटरची एक सर आली तर गळती धरूनही २,६०० लिटर, म्हणजे एका संध्याकाळी एक रांजण भरून वाहतो. पिणं आणि स्वयंपाक धरून दिवसाला १० लिटर, नोव्हेंबर ते एप्रिल १८० दिवस, झाले १,८०० लिटर. दोन रांजण घ्या: एक वापराचा, एक राखीव.

पण भरायचे कधी, यावर सगळं अवलंबून आहे. डिसेंबरपासून मार्चपर्यंत ऊस पेटवतात, त्याची काळी राख पत्र्यावर साठते, वर पाखरांची शीट. मे महिन्यातला पाऊस छप्पर धुण्यासाठी सोडून द्या. रांजण ऑगस्ट-सप्टेंबरात भरा, तेव्हा पत्रा स्वच्छ असतो आणि पाणी पुढच्या सहा महिन्यांसाठी ताजं राहतं. तेव्हाही प्रत्येक सरीचं पहिलं पाणी बाजूला काढायचं. पन्हळीच्या उतरत्या पाइपला टी जोडून खाली ३ मीटर लांबीचा ६ इंची पाइप उभा करा, तळाला झाकण आणि झाकणाला पेन्सिलीएवढं भोक. त्यात साधारण ५५ लिटर मावतात, म्हणजे तुमच्या छपराचं पहिलं अर्धा मिलिमीटर पाणी. तो भरला की पुढचं पाणी रांजणाकडे वळतं, आणि भोकातून तो आपोआप रिकामा होऊन पुढच्या सरीला तयार. भोक पानांनी बुजतं, पावसाळ्यात आठवड्याला झाकण काढून साफ करा, नाहीतर घाण सरळ रांजणात जाते आणि कळतही नाही.

रांजणाच्या तोंडाला झाकणाखाली मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. वापरायच्या पाण्याच्या उघड्या भांड्यांसाठी गावच्या आरोग्य स्वयंसेविका डासांच्या अळ्या मारणारी टेमेफॉसची वाळू देतात: १ टक्केवाली असेल तर १०० लिटरला १० ग्रॅम. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो.

---

बोराबूकर

दोघांचेही आभार. कॉक बंद केल्यावर पंप गप्प आहे, म्हणजे गळती घरात. आज रंग टाकून पाहतो. बोअर वेगळी करण्याचंही पटलं. म्हणजे आता बोअर फक्त अंगण आणि फ्लश, आणि पाइपने झाडांना पाणी घालायला तर चालेलच ना?

---

मीना, खोनकेन

काका, झाडांना चालेल, पण तुम्ही अनवाणी उभं राहून घालायचं नाही. मधुमेह आणि पायाला मुंग्या हे वाचलं म्हणून लिहितेय, कारण इसानमध्ये हा मुद्दा पंपापेक्षा मोठा आहे.

इथल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मेलिऑइडोसिस नावाच्या गंभीर आजाराचे जंतू असतात. भाताच्या खाचरात, परसात, उथळ विहिरीत, बोअरच्या पाण्यातही. जखमेतून, पिण्याच्या पाण्यातून आणि वादळी पावसात श्वासातूनही ते शरीरात जातात. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. मधुमेह हा याचा सगळ्यात मोठा धोका, इथल्या रुग्णांमध्ये मधुमेहीच सर्वाधिक असतात. ईशान्य थायलंडमध्ये या आजाराने दगावणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास राहिलेलं आहे, म्हणून हे हलक्यात घेऊ नका.

करायचं ते अवघड नाही. बागेत आणि अंगणात गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि रबरी हातमोजे, विशेषतः मे ते ऑक्टोबर. मुंग्या येणाऱ्या पायाला काटा लागलेला कळत नाही, म्हणून रोज रात्री दोन्ही तळवे आरशात बघा, बोटांच्या मधल्या चिखल्यासुद्धा. जखम असेल तर नळाच्या पाण्याने आणि साबणाने धुवा, वॉटरप्रूफ पट्टी लावा, भरेपर्यंत मातीत जाऊ नका. वादळी पाऊस असताना बाहेर काम नको. उंच दाबाच्या फवाऱ्याने अंगण धुणंही टाळा, बारीक तुषार नाकात जातात.

पिण्याचं पाणी: उबोन रात्चथानीतल्या अभ्यासात प्रक्रिया न केलेलं पाणी पिणं हे या आजाराचं एक कारण म्हणून पुढे आलं. म्हणून रांजणाचं पाणी चवीला कितीही गोड असलं तरी तुम्ही ते उकळूनच प्या. खळखळून उकळी आली की पुरे. १ बातला १ लिटर देणाऱ्या गावातल्या नाण्याच्या यंत्रावर विसंबू नका, आतले फिल्टर कधी बदलले ते बाहेरून कळत नाही. कॅन घेतलेच तर अन्न-औषध विभागाचा १३ आकडी क्रमांक आणि झाकणाचं सील पाहून घ्या, आणि दुकानदाराला घरात स्टँडवर ठेवून द्यायला सांगा. बहुतेक जण देतात.

आंघोळीच्या आणि भांड्यांच्या टाकीत क्लोरिन घाला. बिनवासाचं, बिनरंगाचं साधं ब्लीच घ्या. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ६ टक्के असेल तर १,००० लिटरला १७ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति लिटर होतं. टाकी भरल्यावर घाला, अर्धा तास थांबा, मग वापरा. पोहण्याच्या तलावासाठी मिळणाऱ्या टेस्ट किटने नळाला तपासा: ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास उरलेलं दिसलं पाहिजे. काहीच दिसत नसेल तर पाणी गढूळ आहे किंवा त्यात लोह आहे, ते क्लोरिन खाऊन टाकतं. आधी गाळ बसू द्या आणि मग पुन्हा मात्रा द्या. ब्लीच उन्हाने मरतं, म्हणून लहान बाटली घ्या आणि तारीख बघा. आता बोअरची लाइन तोडाल तेव्हा टाकी आणि पाइप एकदा कडक डोसने धुवा: १,००० लिटरला ६ टक्क्यांचं ८५० मिलिलिटर, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत सोडा, बारा तास ठेवा आणि सगळं गटारात काढा. आरओची लाइन तेव्हा बंद ठेवा.

आणि ताप. दोन-तीन दिवस उतरत नसलेला ताप, त्यासोबत खोकला, किंवा न भरणारं गळू, असं काही झालं तर गोळ्यांच्या दुकानात न जाता तालुक्याच्या रुग्णालयात जा आणि स्वतःहून सांगा: मधुमेह आहे, मातीत काम करतो, मेलिऑइडोसिससाठी रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करा. कल्चरला काही दिवस लागतात, संशय बळकट असेल तर डॉक्टर त्याआधीच सेफ्टाझिडिम हे अँटिबायोटिक सुरू करतात. शिरेतून किमान दहा दिवस, पुढे को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या सुमारे तीन महिने. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या की आजार उलटतो. अवस्था बिघडली तर १६६९ वर रुग्णवाहिका मिळते. गावप्रमुखाचा नंबर आणि घराची खूण थाई लिपीत लिहून दाराजवळ चिकटवा, फोनवर पत्ता सांगताना गोंधळ होतो.

पुण्या-मुंबईला गेल्यावर ताप आला तरी इसानला राहता हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. हा जंतू महिनोन्‌महिने दडून राहू शकतो, आणि फुप्फुसातला आजार आपल्याकडे टीबी समजून तसे उपचार सुरू होण्याचा धोका असतो. आपल्याकडे मणिपाल-उडुपीच्या पट्ट्यातल्या डॉक्टरांना हा आजार चांगला ठाऊक आहे, देशावर तो सहज डोक्यात येत नाही.

---

अर्थिंगवाला

पाण्याचं सगळं आलं, विजेचं थोडक्यात सांगतो, कारण पंप आणि बाथरूमचा हीटर दोन्ही तिच्यावर.

एप्रिलच्या संध्याकाळी गावातले सगळे एसी सुरू झाले की लायनीच्या टोकाच्या घरांत २२० चे १९० व्होल्ट होतात. पंप गुरगुरतो, फिरत नाही, आणि कपॅसिटर फुगतो. डीबीमध्ये (घराच्या मुख्य वीजपेटीत) कमी-जास्त व्होल्टेजचा रिले बसवा: १९० च्या खाली तोडणारा आणि परत जोडायला तीन मिनिटं घेणारा. टाकीत खालच्या पातळीचा फ्लोट स्विच लावून तो पंपाच्या सिरीजमध्ये घ्या. नळ दिवसाआड येणार असेल तर टाकी कधी ना कधी रिकामी होणार, आणि कोरडा पंप काही मिनिटांत सील जाळतो.

जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असले तरी मागे अर्थची वायर बऱ्याचदा नसतेच. हीटर ३,५०० वॅटचा, तोही ओल्या अंगाने वापरायचा, म्हणून त्याला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). पंपालाही तसाच वेगळा. अर्थचा रॉड तांब्याचा थर असलेला, पाच अष्टमांश इंच जाडीचा, २.४ मीटर लांब, पूर्ण आत ठोकलेला. अर्धा बाहेर ठेवून कापणारे गवंडी आहेत, समोर उभे राहा. खारवट जमिनीत क्लॅम्प गंजतो, वर्षातून एकदा काढून घासा. बसवल्यावर आरसीबीओचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. खांबापासून मीटरपर्यंतच्या लायनीची कुठलीही तक्रार प्रांतीय वीज मंडळाकडे ११२९ वर.

---

बोराबूकर

फ्लशच्या भांड्यात रंग उतरला, रबरच गेलेलं होतं. बदललं, पंप शांत. गमबूट आजच आणतो. मीनाताई, एकच शंका: टाकीत क्लोरिन घातलं तर त्याच पाण्यावरचा स्वयंपाकघरातला आरओ खराब होणार नाही का?

---

मीना, खोनकेन

होतो, म्हणून आधी कार्बन हवाच. क्रम असा: ५ मायक्रॉनचा गाळाचा फिल्टर, मग कार्बन ब्लॉक, मग मेंब्रेन. गाळाचा फिल्टर काळपट दिसला की बदला, गढूळ महिन्यांत तो महिन्याभरातच भरतो. कार्बन सहा महिन्यांनी बदला. दर महिन्याला कार्बनच्या पुढच्या नळीतलं पाणी टेस्ट किटने तपासा, क्लोरिन दिसलं तर कार्बन संपला, तारखेची वाट पाहू नका. आणि मेंब्रेनच्या पुढे क्लोरिन उरत नाही, त्यामुळे आरओच्या छोट्या टाकीत जंतू वाढू शकतात. ती सहा महिन्यांनी धुवा, आणि ते पाणीही तुम्ही उकळूनच प्या.